आधी कॅसेट बघा, मग कॉम्प्युटर

ज्या घरात १९८५ ते २००० च्या दरम्यान लग्न किंवा मुंज झाली, त्या घरात माळ्यावर नाहीतर कपाटाच्या वरच्या फळीवर व्हीएचएस कॅसेट असणारच. आणि दर दिवाळीला फराळ करताना कोणीतरी म्हणणारच, "एकदा या सगळ्याच्या डीव्हीडी करून घ्यायला हव्यात हं." आमच्याकडे हे इतकी वर्षं म्हणून झालं की मध्ये डीव्हीडीचा जमाना येऊन गेलासुद्धा. आता भाच्याच्या लॅपटॉपला डिस्क घालायची जागाच नाही. पण धाकट्या दिरांकडे प्लेअर आहे, तो चालतो, आणि त्यांना डिस्कच हवी. पेनड्राइव्ह हरवतात, डिस्क डब्यात राहते, असं त्यांचं म्हणणं. मी वाद घातला नाही. डिस्क तर डिस्क.

मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले. नोकरीतली बरीच वर्षं फॉल्ट काढण्यात गेली. फोन बंद पडला की गिऱ्हाईक घरातला डबा उघडून बसायचं, कारण तो हाताशी असतो. आम्ही मात्र एक्स्चेंजकडून निघायचो: आधी एमडीएफ, म्हणजे एक्स्चेंजमधली वायरी जोडायची चौकट, मग पिलर, म्हणजे रस्त्यावरची पेटी, मग डीपी, म्हणजे घराजवळचा छोटा डबा, शेवटी घर. कॅसेटचंही अगदी तसंच आहे. लोक आधी कॅप्चरचं, म्हणजे कॅसेटचं चित्र कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचं, सॉफ्टवेअर बदलतात, मग ड्रायव्हर, मग आणखी एक सॉफ्टवेअर. माझा भाचा इंजिनिअर आहे, तरी त्याचंही तेच. "आत्या, दुसरं कॅप्चर सॉफ्टवेअर टाकून बघू का?" मी म्हटलं, टाक की, पण कॅसेट नुसती टीव्हीवर लावून बघितलीस का? बघितली नव्हती. टीव्हीवरच मुंग्या होत्या.

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. कॅसेट, ती वाजवणारा व्हीसीआर, वायर, डाँगल (व्हीसीआरचं चित्र कॉम्प्युटरला देणारी छोटी यूएसबी डबी), कॉम्प्युटर, आणि सगळ्यात शेवटी डिस्क. एक कडी नीट आहे याची खात्री झाल्याशिवाय पुढच्या कडीला हात लावायचा नाही.

कॅसेट हातात आली की पहिलं काम म्हणजे पाठीवरच्या कडेला जी छोटी प्लास्टिकची कळ असते ती मोडून टाका. ती नसली की व्हीसीआर त्या कॅसेटवर रेकॉर्ड करू शकत नाही. चुकून लाल बटण दाबलं गेलं आणि सासूबाईंच्या साठीशांतीवर आजचा रिकामा पडदा रेकॉर्ड झाला, असं व्हायला नको. मग कॅसेटच्या खिडकीतून आतली गुंडाळी उजेडात धरून बघा. काळी, चकचकीत, एकसारखी दिसली तर ठीक. कडेने पांढरी भुकटी किंवा ठिपके दिसले तर ती बुरशी. आमच्या बऱ्याच कॅसेट पुण्याच्या नारायण पेठेतल्या वाड्यातून सहकारनगरला आल्या, आणि वाड्याच्या भिंतींना पावसाळ्यात ओल यायची. बुरशीची कॅसेट चांगल्या व्हीसीआरमध्ये अजिबात घालू नका. बुरशी हेडला (टेप वाचणाऱ्या भागाला), रोलरला लागते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. अशा कॅसेट वेगळ्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्या टाकून, कोरड्या जागी ठेवा. त्या साफ करायला एक टाकाऊ व्हीसीआर वेगळा लागतो, आणि साफ करताना तोंडाला मास्क हवाच. तो सोस मी केलेला नाही. आमच्या बुरशीवाल्या कॅसेट अजून तशाच पिशवीत आहेत.

वर्षानुवर्षं पडून असलेली कॅसेट थेट प्ले करायची नाही. आधी शेवटपर्यंत पुढे पळवायची, मग पूर्ण मागे आणायची. टेपचे वेढे एकमेकांना चिकटलेले असतात, ताण कमीजास्त असतो, तो यात जरा सारखा होतो. चक्र्या फिरतच नसतील तर घाबरू नका. कॅसेटच्या तळाला मधोमध एक भोक असतं, त्यात पेन्सिलीचं टोक घालून दाबलं की आतला ब्रेक सुटतो आणि चक्री बोटाने फिरवता येते.

मामेसासऱ्यांच्या पंच्याहत्तरीच्या कॅसेटची टेप टोकाशी चक्रीतून निसटली होती. तळाचे पाच स्क्रू काढायचे, कॅसेट सुलटी करायची, आणि वरचं झाकण सावकाश उचलायचं. उचलल्याबरोबर मोबाइलवर फोटो काढून ठेवा. दाराची बारीक स्प्रिंग कुठे होती, टेप कोणत्या खुंटीच्या अलीकडून जाते नि कोणत्या पलीकडून, हे पाच मिनिटांनी आठवत नाही. टेपच्या दोन्ही टोकांना पारदर्शक तुकडा असतो. तो उगाच नसतो. त्यातून उजेड आरपार गेला की व्हीसीआरला कळतं की टेप संपली. त्याचं टोक चक्रीच्या खाचेत ठेवून वर छोटी चाप बसवायची. टेप मधेच तुटली असेल तर जोडायला स्प्लायसिंग टेपच हवी, आणि तीही मागच्या बाजूने, हेडला लागणाऱ्या बाजूने नव्हे. घरातली चिकटपट्टी लावाल तर तिचा गोंद पाझरून हेडवर बसेल. कॅसेटचा सांगाडाच तडकला असेल तर तेवढ्याच आकाराच्या एखाद्या फालतू कॅसेटची टेप काढून टाका आणि तिच्या खोक्यात आपल्या चक्र्या बसवा. पाच स्क्रूवाले असे खोके कोणाच्याही माळ्यावर मिळतात.

आता व्हीसीआर. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ च्या जुलैमध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं, आणि मग नवीन मिळणंच संपलं. मला एक शेजाऱ्यांकडून मिळाला आणि एक जुन्या बाजारात. जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे लावून बघायची सोय नाही असं धरूनच भाव करावा. घरी आणल्यावर पहिली कॅसेट घरातली घालू नका. कोणाला नको असलेली कुठलीही घाला, कारण जुना व्हीसीआर कॅसेट खातो. रबराचे बेल्ट सैल पडलेले असतात, टेप ओढणारा रोलर कडक झालेला असतो, मग टेप बाहेर येते आणि आत परत जात नाही.

माझा असाच कॅसेट खायला लागला तेव्हा मी बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या देवळाच्या आसपासच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत चौकशी करत फिरले. बहुतेकांनी मान हलवली. एका म्हाताऱ्या मेकॅनिकने मात्र झाकण उघडलं, रोलरवर नख दाबून बघितलं आणि म्हणाला, "काकू, हा रबर नाही राहिला, दगड झाला. असा टेप काय धरणार?" रोलर त्याने दुसऱ्या एका मेलेल्या मशीनमधून काढून बसवला. बेल्ट मापाचे मिळाले. हेडला मात्र तो मला हात लावू देत नव्हता. मी बघत उभी राहिले आणि शिकले.

हेड साफ करायची पद्धत अशी. प्लग काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तंतू न सुटणारं कापड किंवा शॅमॉय चामडं घ्यायचं. ओलं कापड ड्रमला, म्हणजे हेड बसवलेल्या फिरत्या नळकांड्याला, हलकेच टेकवून एका जागी स्थिर धरायचं आणि दुसऱ्या हाताने ड्रम वरून सावकाश फिरवायचा. कापड वर-खाली घासायचं नाही. हेडची टोकं केसाएवढी बारीक असतात, वर-खाली घासलं की मोडतात. कानात घालायच्या कापसाच्या काडीने तर मुळीच नको, तिचा एखादा तंतू हेडला अडकतो. मग अल्कोहोल पूर्ण उडेपर्यंत थांबायचं. काडी वापरायचीच असेल तर आवाजाचं जे वेगळं, स्थिर हेड असतं त्याला चालते.

हे वेगळं हेड लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण त्यावरून रोग ओळखता येतो. चित्र फिरत्या ड्रमवरच्या हेडवरून येतं आणि साधा आवाज टेपच्या कडेवरून, स्थिर हेडवरून. म्हणून सगळ्या पडद्यावर मुंग्या आणि आवाज मात्र खणखणीत असेल, तर चित्राचं हेड चोंदलंय. चित्र चांगलं आणि आवाज दबलेला, जणू शेजारच्या खोलीतून येतोय, तर आवाजाचं हेड मळलंय किंवा किंचित वाकडं बसलंय. दोन्ही बिघडलेत तर टेपकडे आणि टेप ओढणाऱ्या भागांकडे बघा. पडद्याच्या खाली किंवा वर मुंग्यांचा पट्टा आहे आणि ट्रॅकिंगचं बटण फिरवलं की तो सरकतो, तर नुसतं ट्रॅकिंग, म्हणजे हेड टेपवरच्या रेघांवर नीट आणायचं. माणसं दुप्पट वेगाने चालतायत आणि चिमणीच्या आवाजात बोलतायत, तर कॅसेट एलपीवर, म्हणजे निम्म्या वेगाने, भरलेली आहे आणि तुमच्या मशीनला एलपी नाही. आणि एका व्हीसीआरवर नाही दिसली म्हणून कॅसेट गेली म्हणू नका. दुसऱ्यावर लावून बघा. रेकॉर्ड करणाऱ्या मशीनची आणि वाजवणाऱ्या मशीनची जुळणी हा मोठा भाग आहे. आमच्या नणंदेच्या डोहाळजेवणाची कॅसेट शेजाऱ्यांच्या मशीनवर निम्मी मुंग्या होती, जुन्या बाजारातल्या खटाऱ्यावर स्वच्छ दिसली.

पावसाळ्यात काही व्हीसीआर प्लेच करत नाहीत आणि पॅनेलवर ड्यू असं दाखवतात. तो बिघाड नाही. ड्रमवर दमट हवेचं पाणी धरलंय आणि टेप त्याला चिकटेल म्हणून मशीन अडून बसलंय. चालू करून ठेवा, कॅसेट न घालता, तासा-दोन तासांत गरम होऊन वाळतं. त्याला फसवून चालवायला जाऊ नका.

वायरीचं थोडक्यात. पिवळी चित्राची, पांढरी आणि लाल आवाजाची. जुन्या मोनो मशीनला आवाजाचं एकच भोक असतं, मग कॅप्चरमध्ये आवाज एकाच कानात येतो. एकाची दोन करणारी वायर मिळते, किंवा सॉफ्टवेअरमध्ये मोनो करा. आवाजात सतत घुमणारी गुणगुण असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. गुणगुण गेली तर दोष अर्थिंगच्या वळशाचा. माझ्याकडे तेच होतं, आणि तेवढ्यासाठी भाच्याने गुणगुण काढणारं एक सॉफ्टवेअर विकत घ्यायचं ठरवलं होतं.

डाँगल. बाजारात ईझीकॅप नावाने मिळणारी डाँगलं बाहेरून सारखी दिसतात, आत मात्र चिप वेगवेगळ्या असतात, आणि एकीचा ड्रायव्हर दुसरीला चालत नाही. सोबतच्या चिमुकल्या सीडीवर भरवसा ठेवू नका. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये हार्डवेअर आयडी बघा, त्यावरून चिप कळते, आणि त्याच चिपचा ड्रायव्हर शोधा. डाँगल थेट लॅपटॉपला लावा, हबला नको. चित्र काळं-पांढरं येत असेल तर सेटिंगमध्ये एनटीएससी, म्हणजे अमेरिकेकडची टीव्हीची पद्धत, निवडलेलं असेल. आपल्याकडे पाल-बी आहे, ते निवडा. नाहीतर इनपुट एस-व्हिडिओ, म्हणजे वेगळ्या गोल वायरीचं, ठेवलंय आणि तुमची वायर पिवळी आहे. चित्र येतं पण आवाज औषधाला नाही, तर विंडोजच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये मायक्रोफोनची परवानगी बंद असेल. डाँगलचा आवाज विंडोजला मायक्रोफोनच वाटतो. यावर मी एक अख्खी संध्याकाळ डाँगलला शिव्या देण्यात घालवली.

आता खरा त्रासाचा भाग. टीव्हीवर कॅसेट बरी दिसते आणि कॅप्चरमध्ये वरचा भाग झेंड्यासारखा एका बाजूला फडफडतो, मध्येच पडदा निळा होतो, कॅप्चर थांबतं. जुना नळीचा टीव्ही समजूतदार होता. टेप ताणलेली असली, प्रत्येक ओळ जरा मागेपुढे सुरू झाली, तरी तो सांभाळून घ्यायचा. डिजिटल कार्ड सांभाळून घेत नाही, त्याला प्रत्येक ओळ वेळेवर हवी. निळ्या पडद्याचं सोपं आहे: बऱ्याच व्हीसीआरच्या मेनूत ब्लू बॅक बंद करता येतं, म्हणजे सिग्नल कमी झाला तरी मशीन निळा पडदा टाकत नाही. फडफडण्यावर टाइम बेस करेक्टर नावाचं यंत्र असतं, ते महाग. गरिबाचा उपाय म्हणजे जुना डीव्हीडी रेकॉर्डर. त्यात रेकॉर्ड करायचं नाही, नुसतं त्याच्यातून जाऊ द्यायचं, यालाच पास-थ्रू म्हणतात: व्हीसीआरची पिवळी वायर रेकॉर्डरच्या इनपुटला, रेकॉर्डरचं आउटपुट डाँगलला. आत जाताना सिग्नल डिजिटल होतो, ओळी सरळ होतात, बाहेर नीट येतो. या छंदातले लोक पॅनासॉनिकचे ईएस१० आणि ईएस१५ यासाठीच शोधतात. मला भाच्याच्या सासरी पडून असलेला दुसऱ्याच बनावटीचा मिळाला, त्यानेही वरचं फडफडणं जवळजवळ गेलं. कधी हा रेकॉर्डर घरच्या कॅसेटलाही "कॉपी करता येणार नाही" म्हणून अडवतो. विकत घेतलेल्या सिनेमांच्या कॅसेटवर मॅक्रोव्हिजनचं संरक्षण असायचं, त्याचे ठोके पडद्यावर न दिसणाऱ्या ओळींत असतात. झिजलेल्या टेपच्या त्याच ओळींतला कचरा रेकॉर्डरला ते ठोके वाटतात. अशा वेळी ट्रॅकिंग हलवून किंवा दुसऱ्या व्हीसीआरवरून लावून बघायचं.

चित्राच्या अगदी खाली दहा-बारा ओळी फाटल्यासारख्या दिसतात, तो दोष नाही. दोन हेडमधली अदलाबदल तिथे होते. जुन्या टीव्हीच्या चौकटीत ती झाकली जायची, आता सगळं दिसतं. कापू नका, त्यावर काळी पट्टी टाका, म्हणजे डीव्हीडीला लागणारं ७२० गुणिले ५७६ चं माप कायम राहतं.

आणि आवाज पुढे-मागे होणं. माझ्या स्वतःच्या लग्नाच्या कॅसेटने यात मला सगळं शिकवलं. लग्न १९८८ चं, व्हिडिओवाला खांद्यावर मोठा कॅमेरा आणि मागे दिवा धरलेला पोरगा घेऊन आलेला. कॅप्चर करून बघितलं तर सीमांतपूजनात ओठ आणि शब्द जुळतात, मंगलाष्टकांना जरा खटकतं, आणि पंगतीत काका तोंड मिटून लाडू खातायत आणि त्यांचा "अहो, वाढा, वाढा!" मागून ऐकू येतो. भाचा म्हणाला, आवाज अर्धा सेकंद अलीकडे सरकवू. सरकवला. पंगत जुळली, सीमांतपूजन बिघडलं.

इथे आधी रोगाचा प्रकार ओळखायचा असतो. त्यासाठी टाळी लागते, म्हणजे आवाज आणि हालचाल एकाच क्षणी होते अशी जागा. आपल्या लग्नांत ती आयतीच असते: "सावधान" झालं की ताशावर काठी पडते, अंतरपाट खाली येतो. मुंजीतही मंगलाष्टकं आहेतच. सुरुवातीची, मधली आणि शेवटची अशी एकेक जागा शोधा. फरक तिन्हीकडे सारखा असेल तर आवाज एकदाच सरकवा, झालं. फरक हळूहळू, एकसारखा वाढत गेला असेल तर चित्र डाँगलमधून आणि आवाज लॅपटॉपच्या लाइन-इनमधून घेतलाय, दोघांची घड्याळं वेगळी आहेत. आवाजही डाँगलमधूनच घ्या. ते शक्य नसेल तर आवाजाची लांबी चित्राच्या लांबीइतकी ताणा किंवा आवळा, ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये होतं.

फरक ठरावीक जागी उडी मारून वाढत असेल तर फ्रेम, म्हणजे एकेक स्थिर चित्र, गळतायत. माझं हेच होतं. व्हिडिओवाल्याने जिथे जिथे कॅमेरा थांबवून परत चालू केला, तिथे टेपवर एक सांधा आहे. सांध्यावर सिग्नल क्षणभर विस्कटतो, कार्ड तेवढ्या फ्रेम टाकून देतं, आवाज मात्र अखंड चालू राहतो. सेकंदाला २५ फ्रेम, पाच गळल्या की चित्र सेकंदाच्या पाचव्या भागाने पुढे गेलं. एका लग्नात असे सांधे कितीतरी. पंगतीपर्यंत त्यांची बेरीज होते. व्हर्च्युअलडब या सॉफ्टवेअरमध्ये कॅप्चर चालू असताना गळलेल्या आणि घुसडलेल्या फ्रेमचा आकडा दिसतो, त्यावर डोळा ठेवा. सांध्यापाशी आकडा वाढला तर दोष सिग्नलचा, म्हणजे रेकॉर्डरमधून पास-थ्रू. सांधा नसताना, कधीही वाढला तर दोष कॉम्प्युटरचा. ब्राउझर बंद, अँटिव्हायरसचं स्कॅन बंद, आणि फाइल बाहेरच्या संथ हार्ड डिस्कवर नव्हे, लॅपटॉपच्या आतल्या हार्ड डिस्कवर लिहा. कमी दाबलेल्या, दर्जा न घालवणाऱ्या फॉरमॅटला तासाला साधारण ३० जीबी लागतात, तेवढी जागा आधी मोकळी करा. रेकॉर्डर मध्ये घातल्यावर माझी कॅसेट जवळजवळ जुळली. जी दोन-तीन ठिकाणं राहिली तिथे कापून तुकडे केले आणि प्रत्येक तुकड्याचा आवाज वेगळा जुळवला. चिकाटीचं काम आहे, वाल सोलल्यासारखं.

आवाजाचीच आणखी एक गंमत. डीव्हीडीला ४८ किलोहर्ट्झचा आवाज लागतो. कॅप्चर ४४.१ वर केलं आणि पुढच्या सॉफ्टवेअरने तो नीट न बदलता नुसतं ४८ लेबल लावलं, तर सगळे भराभर आणि बारीक आवाजात बोलतात. आजेसासरे आयुष्यभर खर्जात बोलले, पहिल्या डिस्कवर ते बारावीतल्या मुलासारखे आशीर्वाद देतायत. कॅप्चरच ४८ वर करा.

डिस्कबद्दल फार लिहीत नाही, पण हिशेब सांगते कारण दुकानदार सांगत नाहीत. एका साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी बसतात. दोन तासांचं चित्र त्यात घातलं तर आवाजासकट सेकंदाला सव्वापाच मेगाबिटच्या आसपास मिळतात, ते ठीक. ई-१८० ची तीन तासांची अख्खी कॅसेट एकाच डिस्कवर कोंबली की साडेतीन मेगाबिटसुद्धा मिळत नाहीत. आणि कॅसेटचं चित्र दाणेदार, दाणे दाबायला कठीण. रात्रीच्या वरातीत गॅसबत्त्यांच्या उजेडात नवरदेवाच्या चेहऱ्याचे चौकोन होतात. एक तर दोन डिस्क करा, नाहीतर चित्र ३५२ गुणिले ५७६ वर आणा. हे माप डीव्हीडीला मान्य आहे, आणि व्हीएचएसमध्ये आडव्या दिशेला त्याहून जास्त तपशील मुळातच नसतो. आकार ४:३ च ठेवा. मोठ्या टीव्हीचा पडदा भरावा म्हणून रुंद केलं की सगळं घराणं जाड दिसतं, आणि मग मला फोन येतात.

काही वर्षांपूर्वी एका दुकानातून करून आणलेल्या आमच्या डिस्क फक्त त्यांच्याच मशीनवर चालायच्या. कारण फायनलाइज केलेल्या नव्हत्या. रेकॉर्डरवर डिस्क केली की शेवटी फायनलाइज करावंच लागतं, नाहीतर दुसऱ्या प्लेअरला ती कोरी दिसते. आणि एमपी४ फाइल नुसती डिस्कवर टाकली म्हणजे डीव्हीडी झाली असं नाही, जुने प्लेअर ती ओळखत नाहीत. एमपीईजी-२ मध्ये, डीव्हीडीच्या पद्धतीनेच लिहावी लागते. सगळ्यात जास्त वेगाने लिहू नका, लिहून झाल्यावर व्हेरिफाय करा, वर स्टिकर चिकटवू नका, बॉलपेनने लिहू नका. या डिस्कमधला रंगाचा थर काळाने उडतो, म्हणून मूळ फाइल दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा. डिस्क ही दिरांसाठी.

डीव्हीडीसाठी ओळींचं आलटून-पालटून चित्र तसंच राहू द्यावं, टीव्ही ते बघून घेतो. मोबाइलवर पाठवायचं असेल तेव्हाच डीइंटरलेस करावं, म्हणजे त्या ओळींची अख्खी चित्रं करावीत, आणि तेही २५ ऐवजी सेकंदाला ५० फ्रेम ठेवून. मुलांच्या लेझीमची हालचाल तेव्हाच गुळगुळीत दिसते. हालचाल पुढे-मागे थरथरत असेल तर फील्डचा, म्हणजे त्या आलटून-पालटून येणाऱ्या ओळींचा, क्रम उलटा निवडलाय. पेनड्राइव्हवर टाकताना "जागा नाही" असं आलं आणि जागा तर ढीगभर दिसतेय, तर पेनड्राइव्ह फॅट३२ आहे, त्याला ४ जीबीपेक्षा मोठी फाइल चालत नाही. एक्सफॅट करा, आणि टीव्हीने ते वाचलं नाही तर फाइलचे दोन भाग करा.

राहिली मामेबहिणीची कॅसेट, न्यू जर्सीतल्या बारशाची. ती तिकडची, म्हणजे एनटीएससी, ५२५ ओळींची. आमच्या एका व्हीसीआरवर ती टीव्हीवर रंगीत दिसते, पण डाँगलमध्ये काळी-पांढरी येते आणि गुंडाळत वर जाते. कारण तो व्हीसीआर तिला पाल-६० नावाच्या एका संकरित रूपात बाहेर काढतो: ओळी अमेरिकेच्या, रंग आपला. नवे टीव्ही ते चालवून घेतात, कार्डाच्या यादीत पाल-६० असेल तर तेही घेतं, माझ्याच्या यादीत नाही. त्याला शुद्ध एनटीएससी देणारं मशीन हवं. बहिणीला म्हटलं, तिकडेच करून घे, तिकडे मशीनही तिकडचीच असतात. तिचं म्हणणं, तिथे फार पैसे घेतात, तू घरची आहेस. मग मी तिला कळवलं की डिसेंबरात येताना कुठल्या तरी गराज सेलमधून तिकडचा व्हीसीआरच उचलून आण. १२० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर मी इलेक्ट्रिकच्या दुकानांच्या तपकीर गल्लीतून आणते, डाँगल एनटीएससीवर टाकते, डिस्क ७२० गुणिले ४८० ची करते, आपल्याकडचे बहुतेक प्लेअर ती वाजवतात. व्हीसीआर सुटकेसमध्ये कसा बसवायचा, ते तिचं तिने बघावं.